तीन महिन्यांत शून्य ग्रॅम : रील पाहून भरवलेल्या एका लेकराचं प्रकरण

सहाव्या महिन्यात ६.७ किलो. सातव्यात ६.८, आठव्यात ६.८, नवव्यात पुन्हा ६.७. अंगणवाडीच्या काट्यावर चार वेळा चढलेल्या या मुलीच्या चारही नोंदी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये हिरव्या रंगात होत्या, म्हणून कोणाच्याच भुवया वर गेल्या नाहीत. नऊ महिन्यांच्या मुलीसाठी कमी वजनाची रेषा ६.५ किलोवर आहे आणि ही तिच्या दोनशे ग्रॅम वर होती. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांप्रमाणे सहा ते नऊ महिन्यांची मुलगी महिन्याला साधारण तीनशे ग्रॅम वाढते. मधलं वजन (निम्म्या मुली याच्या वर, निम्म्या खाली) ७.३ वरून ८.२ वर जातं. तीन महिन्यांत नऊशे ग्रॅम यायला हवे होते, आला एकही नाही. रंग दर महिन्याचा आकडा सांगतो. पत्रिकेवरचे चार ठिपके पेनाने जोडले असते तर रेघ आडवी पडलेली आठव्याच महिन्यात दिसली असती.

हे प्रकरण कोणा एका घराचं नाही. यवतमाळ, वाशीम, वर्धा भागातल्या घरांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका घरात बसवून ते लिहिलं आहे, त्यामुळे घरातले आकडे नमुन्याचे समजावेत. मात्रा, मानकं आणि कायदे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

घर

दारव्हा-दिग्रसकडचं गाव. चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि सोयाबीन-तूर. दोन शेळ्या, सहा कोंबड्या. मुलीची आई २३ वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं. माहेर साठ किलोमीटरवर, गावात बरोबरीची मैत्रीण नाही. बाप शेती करून हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. सासू पन्नाशीची, चार बाळंतपणं काढलेली. मुलगी जानेवारीत जन्मली, म्हणजे वरचं अन्न सुरू करायची वेळ आली जुलैत, ऐन निंदणाच्या दिवसांत, आणि नववा महिना लागला तो सोयाबीनच्या सोंगणीत. आई सकाळी नऊला शेतात जायची, पाचला परत यायची. मधला सगळा वेळ लेकरू आजीजवळ.

रोजच्या दीड जीबी डेटातला बहुतेक भाग बाळाच्या रील्सवर जायचा. ती २७ खाती फॉलो करत होती. पुण्या-मुंबईच्या मराठी आया, दिल्लीकडच्या हिंदी आया, दोन डॉक्टर आणि बाकी ‘मॉम कोच’.

पहिला सल्ला खरा निघाला

या फोनने आधी घराचं भलंच केलं होतं. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी स्तनाग्रांना चिरा पडल्या तेव्हा सासूने गाईचं दूध आणि घुटी सुचवली. सुनेने एका रीलमध्ये पाहिलं की बाळाने नुसतं बोंडूक नाही, तर भोवतीच्या काळ्या भागाचाही मोठा हिस्सा तोंडात घ्यावा, हनुवटी स्तनाला टेकावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. तिने तसं करून पाहिलं आणि दोन दिवसांत दुखणं कमी झालं. घुटी नाही, मध नाही, काजळ नाही, सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिल्यास बॉट्युलिझमचा धोका असतो, हेही तिला फोननेच सांगितलं, आणि ते बरोबर आहे. सहाव्या महिन्यातलं ६.७ हे वजन त्या मेहनतीचं फळ होतं.

सासूसमोर पहिल्यांदाच तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, तेही फोनच्या जोरावर. त्यानंतर फोनमधून येणारी कोणतीच गोष्ट तपासायची गरज तिला वाटली नाही. समुपदेशनात हा भाग वगळला जातो आणि थेट ‘मोबाईल पाहू नको’ यावर गाडी येते. आई ऐकत नाही, कारण मोबाईलने तिला एकदा वाचवलेलं असतं.

एकेक नियम, एकेक वजाबाकी

सातव्या महिन्यापासून जे नियम घरात आले, त्यांतले बरेच कुठे ना कुठे खरे आहेत. या घरात मात्र प्रत्येक नियमाने ताटातलं काहीतरी काढून घेतलं आणि त्या जागी वाढलं काहीच नाही.

पहिला नियम, एक नवा पदार्थ तीन दिवस, मग दुसरा. ॲलर्जीच्या भीतीतून आलेला हा सल्ला आता सरसकट सगळ्यांना दिला जात नाही. पण तो पाळताना पहिला महिना गाजर, भोपळा, सफरचंद, बीट, रताळं अशा फळा-भाज्यांतच संपला. वरणाची पाळी पाचव्या आठवड्यात आली.

दुसरा नियम, चमच्याने भरवायचं नाही, बाळ स्वतः हाताने उचलून खाईल. ‘बेबी लेड वीनिंग’ ही ब्रिटनकडून आलेली पद्धत आहे आणि ती वाईट नाही. तिच्या अटी मात्र चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाहीत. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०६ मायलेकरांवर तिची चाचणी घेतली तेव्हा पद्धत आधी दुरुस्त केली. प्रत्येक जेवणात लोह असलेला एक पदार्थ, भरपूर उष्मांकाचा एक पदार्थ, घुसमट होईल असा आकार टाळायचा, आणि आयांना वेळोवेळी मार्गदर्शन. एवढं केल्यावर त्या मुलांची वाढ चमच्याने खाणाऱ्या मुलांसारखीच राहिली. दारव्ह्याकडच्या घरात उरली ती फक्त गाजराची कांडी. शंभर ग्रॅम गाजरात जेमतेम चाळीस उष्मांक असतात, आणि त्यातलंही अर्धं सारवलेल्या जमिनीवर.

तिसरा नियम, वर्षापर्यंत मीठ-साखर नको. हा नियम बरोबर आहे, भारतातले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. पण त्यामुळे घरच्या भांड्यातलं काहीच चालेना. बाळाचा स्वयंपाक वेगळा झाला, आणि शेतात जाणाऱ्या बाईकडे वेगळ्या स्वयंपाकाला सकाळची वीस मिनिटं असतात. त्यात उकडलेल्या फोडींपलीकडे काही होत नाही. यावरचा उपाय साधा आहे. वरण शिजलं की मीठ-तिखट-फोडणीच्या आधी बाळाचं पळीभर काढून ठेवायचं. एकाही रीलमध्ये तो तिला दिसला नव्हता.

चौथा, वर्षाच्या आत अंडं नको. हे जुनं झालं. नीट शिजवलेलं अंडं सहा महिन्यांनंतर चालतं. अंगणात सहा कोंबड्या, अंडी रविवारच्या बाजारात विकायला, आणि लेकराच्या ताटात ऑनलाइन मागवलेला मखाना.

पाचवा नियम सगळ्यांत महागात पडला, ‘सहा महिन्यांनंतर रात्री दूध लागत नाही, झोपेचं वेळापत्रक लावा.’ दिवसभर बाळाजवळ असणारी आई दिवसा पाच-सहा वेळा पाजू शकते. ही आई नऊ ते पाच शेतात. तिच्यासाठी रात्रीचं पाजणं हेच मुख्य पाजणं होतं. ते बंद केलं आणि तीन आठवड्यांत दूध ओसरलं, कारण स्तन रिकामे होतील तेवढंच दूध पुन्हा तयार होतं. दोन खोल्यांच्या घरात रडणाऱ्या लेकराला ‘सेल्फ सूद’ करायला, म्हणजे एकट्याने रडून आपोआप शांत व्हायला, ठेवणार कुठे? बाप रात्री दोनला तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचा.

आणि सहावा, लोहाच्या औषधाने दात काळे होतात. आशाताईने दिलेली बाटली देव्हाऱ्याखालच्या फळीवर सील न तोडता पडून होती.

चोवीस तासांचा हिशोब

नवव्या महिन्याच्या गृहभेटीत आशाताईबरोबर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी होते. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत लेकराच्या पोटात काय गेलं, हे आधी आईला विचारलं. उत्तर असं : गाजराच्या तीन फोडी, केळ्याचा चतकोर, वाफवलेल्या सफरचंदाचे दोन तुकडे, मिलेट पावडरचा एक चमचा पाण्यात. ताटात मांडलेलं आणि पोटात गेलेलं वेगळं काढल्यावर हिशोब साठ-पासष्ट उष्मांकांवर आला. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण तीनशे उष्मांक लागतात.

या भेटीत एक गोष्ट नीट केली गेली. हाच प्रश्न आजीला वेगळा, गोठ्याकडे जाऊन विचारला. आजी आधी काही बोलेना. मग म्हणाली, “पोरगी भुकेनं रडे. वरणभात देल्ला तं सून फोन दाखवे, असं नोका करू म्हणे. मंग म्या चहात बिस्किट बुडवून देल्लं. तिले नोका सांगू.”

दिवसाला चार बिस्किटं आणि अर्धा कप चहा. चार ग्लुकोज बिस्किटांचे ऐंशी-नव्वद उष्मांक होतात. म्हणजे लेकरू तगलं होतं ते सुनेच्या आरोग्यदायी थाळीवर नव्हे, सासूच्या चोरट्या बिस्किटांवर. त्याच चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नव्हतं. एकाच घरात दोन बायका दोन वेगळे आहार चालवत होत्या, एकमेकींच्या नकळत. आहाराची चौकशी फक्त आईकडे केली तर असलं काही कधीच कागदावर येत नाही.

उपकेंद्रात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती. रक्तक्षय रील्सने आणला असं म्हणणं म्हणूनच चूक ठरेल. तो गावात होताच. त्यावरचं औषध, अंडं आणि वरण मात्र रील्सने फळीवर आणि बाजारात ठेवलं.

आईचं काय चाललं होतं

वजन वाढत नाही हे तिला कळत होतं. सातव्या महिन्यानंतर ती अंगणवाडीत स्वतः जाणं टाळायची, सासूला पाठवायची. रात्री दोनला लेकरू रडलं की हातात फोन, आणि फोनमध्ये त्याच वयाचं एक गुटगुटीत बाळ दोन्ही हातांनी ब्रोकोली खात बसलेलं. ते रील करताना किती घास थुंकले, किती वेळा चित्रीकरण झालं, मागे कोण स्वयंपाक करतं, हे चौकटीबाहेर. मोजायला पट्टी नसली की माणूस शेजाऱ्याशी तुलना करून स्वतःला मोजतो, असं लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं. पूर्वी ही तुलना वाड्यातल्या जावेशी व्हायची, आणि जावेचं लेकरूही कधी हगवणीने वाळलेलं दिसायचं. फोनमधली जाऊ कधीच हरत नाही.

त्यात यंत्रणेचा भाग असा की जे रील शेवटपर्यंत पाहिलं जातं, त्याच्यासारखी आणखी दहा येतात. भीती शेवटपर्यंत पाहिली जाते. बाळ घुसमटल्याचं एक रील तिने तीनदा पाहिलं आणि पुढचा आठवडाभर तेच येत राहिलं. त्या आठवड्यात तिने भात पूर्ण थांबवला. घशात अडकून ओकारी येणं आणि श्वास कोंडणं यांतला फरक तिला कोणी सांगितला नव्हता. ओकारी येते तेव्हा बाळ खोकतं, आवाज करतं, लाल होतं. त्याला तसंच खोकू द्यायचं. श्वास कोंडतो तेव्हा आवाज बंद होतो, ओठ निळे पडतात. तेव्हा बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीत दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच दाब, आणि वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून तेच. सोबत कोणालातरी १०८ लावायला सांगायचं. भेटीत हे उशीवर करून दाखवलं. तिने आणि आजीने, दोघींनी करून पाहिलं.

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत तिचे गुण ११ आले, म्हणजे मध्यम पातळी. स्वतःला इजा करण्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ होतं. ते मोठ्याने विचारलं गेलं, नजर चुकवून पुढे सरकवलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये तिच्याच हाताने साठवला. “मी वाईट आई आहो,” हे वाक्य तिने त्या दीड तासात चार वेळा उच्चारलं.

पैसा

तीन महिन्यांत मिलेट पावडरचे चार डबे, प्रत्येकी ४९९ रुपये. चिकटून बसणारी सिलिकॉनची थाळी ६५०. वाफवून वाटणारं यंत्र २,४००. मखाने आणि बाकी किरकोळ ८५० च्या आसपास. एकूण सहा हजारांच्या घरात. दिवसाला तीस किलो कापूस वेचला आणि किलोला दहा रुपये मिळाले तर हे वीस दिवसांच्या वेचणीचे पैसे झाले.

डब्यावरची घटकांची यादी वाचली. आपल्याकडे ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. नाचणी, ज्वारी, खजूर पावडर, बदाम, असा क्रम होता. खजूर पावडर म्हणजे साखरच. नाचणी चांगली, पण ती या भागाचं पीक नाही. ज्वारी आहे, आणि ती कोठीत होती. तीनशे ग्रॅमच्या डब्याऐवजी तेवढंच ज्वारीचं पीठ घरात दहा-पंधरा रुपयांत निघालं असतं.

कायद्याची बाजू बहुतेकांना ठाऊक नाही. १९९२ चा आणि २००३ मध्ये दुरुस्त झालेला शिशुआहार कायदा दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी म्हणून विकलं जाणारं पर्यायी दूध, दुधाची बाटली आणि शिशुआहार या तिन्हींच्या जाहिरातीला बंदी घालतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमही त्यात येतं. ‘सहा महिन्यांपासून’ असं लिहिलेल्या डब्याचा सवलतीचा कोड देणारं रील या कायद्याच्या आड येतं. शिवाय पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर तसं स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे, आणि आरोग्य-पोषणावर बोलणाऱ्याने आपली पात्रता सांगावी असं जाहिरात मानक परिषदेने २०२३ पासून घालून दिलं आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते. या घराने केली नाही. सोंगणीच्या दिवसांत तक्रार हा कोणाच्याच यादीतला विषय नसतो.

काय केलं

फोन काढून घेतला नाही. नवऱ्याने तो प्रयोग आधीच केला होता, आणि ती न्हाणीघरात जाऊन पाहू लागली होती.

तिने साठवून ठेवलेली रील्स तिच्याच हातात फोन ठेवून एकेक पाहिली. १४३ निघाली. दोन बैठका लागल्या. प्रत्येक रीलला तेच प्रश्न : हे किती महिन्यांच्या बाळाचं? हे केलं तर ताटातून काय जाईल आणि त्या जागी काय येईल? शेवटी काही विकायला आहे का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर ३८ गळाली. सोळा सरळ धोक्याची होती. त्यांत नऊ महिन्यांच्या बाळाला अख्खे शेंगदाणे देणारी दोन होती. ५८ बरोबर पण दुसऱ्याच घरासाठीची. उरली ३१. सोळा आणि ५८ यांतली सीमारेषा दरवेळी स्पष्ट नव्हती, वादही झाले. पण दुसऱ्या बैठकीच्या मध्यावर आई स्वतःच म्हणू लागली, “यात काढून टाका म्हणते, वाढा काहीच नाही म्हणत.” तिथून काम सोपं झालं.

मग वाटी. आहाराच्या मार्गदर्शनात ‘अर्धी वाटी’ लिहिलेलं असतं ती वाटी २५० मिलीची. लिटरच्या बाटलीने मोजलं तर घरातली स्टीलची वाटी १४० मिलीची निघाली. म्हणजे पुस्तकातली अर्धी ही या घरातली जवळजवळ भरलेली वाटी. हा घोटाळा जवळपास प्रत्येक घरात सापडतो आणि आई प्रामाणिकपणे सांगितल्याच्या निम्मंच देत राहते.

ठरलेला दिवस असा. सकाळी भाजलेल्या ज्वारीच्या पिठाची पेज, वीस ग्रॅम पीठ म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, त्यात चहाचा एक चमचा शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट. अकराच्या सुमारास वरणभात. दोन भाग तांदूळ, एक भाग डाळ, एका वेळचे वीस आणि दहा ग्रॅम, मूठभर चवळीची किंवा पालकाची पानं, गिचका शिजवून हाताने कुस्करलेला, वर चहाचा एक चमचा तेल किंवा तूप आणि लिंबाचे चार थेंब. तेलाच्या एका चमच्यात ४५ उष्मांक असतात, आणि लिंबामुळे डाळ-पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. दुपारी चारला अर्धं उकडलेलं अंडं, अंगावरच्या दुधात किंवा वरणात कुस्करून. संध्याकाळी भाकरीचा मऊ भाग वरणात भिजवून. रविवारी कोंबडी असली तर कलेजीचा एक तुकडा बारीक करून. जाडी ओळखायची खूण : चमचा तिरपा केला तरी अन्न घसरून पडू नये. डाळीचं नुसतं वरचं पाणी या खुणेत नापास होतं. पोट भरतं आणि मिळत काही नाही.

हाताने खाणं बंद केलं नाही. चमच्याने भरवताना लेकराच्या हातात मऊ बटाट्याची किंवा भोपळ्याची फोड राहू दिली. तिने फेकली तर फेकली. आईने तीन महिने जे मनापासून केलं ते सगळं चुकीचं होतं असं सांगायची गरज पडली नाही, आणि हे समुपदेशनाचं कौशल्य कमी, सत्य जास्त आहे.

अकराचा वरणभात आजीकडे दिला. तो तिचाच होता. अटी दोन, चहा नाही आणि जबरदस्ती नाही. तोंड फिरवलं की थांबायचं, पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं. बिस्किटांची गोष्ट सुनेला कोणी सांगितली नाही. आजीने चौथ्या दिवशी स्वतःच सांगितली.

लोहाचं औषध : सहा ते बारा महिन्यांच्या रक्तक्षयी बाळाला लोह-फॉलिक सिरप रोज १ मिली, दोन महिने. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे किलोमागे तीन मिलिग्रॅमच्या हिशोबाने ६.७ किलोच्या लेकराला बरोबर बसतं. रक्त चांगलं असतं तर हेच औषध आठवड्यातून दोनदाच. जिभेच्या मागच्या बाजूला सोडायचं, मागून पाणी पाजायचं, दूध-चहाच्या जोडीने नाही. दातावर डाग पडलाच तरी तो वरचा असतो, राहत नाही.

रात्रीचं पाजणं परत सुरू. दिवसा शेतातून येताच आधी पाजणं, मग चूल. दूध वाढायला बारा-तेरा दिवस लागले.

फोनचं काम शेवटी. तेवीस खाती काढली, चार ठेवली. नको त्या रीलवर बोट दाबून ‘नॉट इंटरेस्टेड’. रागाने पुढे ढकलणं पुरत नाही, कारण पाहिलं तेवढं पाहिलं धरलं जातं. फोन रात्री नऊनंतर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. दोन आठवड्यांत समोर येणारं बदललं. शिवणकाम आणि कपाशीवरची बोंडअळी येऊ लागली.

काय बिघडलं

औषध सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी शी काळी झाली. लोहाने ती होतेच. हे आधी सांगायचं राहून गेलं, आणि ही चूक सांगणाऱ्यांची. आईने रात्री शोधलं, ‘काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव’ सांगणारं रील निघालं, औषध चार दिवस बंद. बाटली देतानाच हे एक वाक्य बोललं असतं तर ते चार दिवस वाचले असते.

दहावा महिना लागताना वजन ६.९ होतं. नोव्हेंबरात हगवण लागली, दिवसाला सात-आठ वेळा. नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर कोणीतरी ‘पोटाला आराम द्या’ असा व्हिडिओ पाठवला आणि एक दिवस जेवण बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी आशाताई पोचल्या. प्रत्येक शीनंतर ५० ते १०० मिली ओआरएस चमच्याचमच्याने, झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज चमचाभर पाण्यात विरघळवून १४ दिवस (हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी पूर्ण चौदा), अंगावरचं दूध आणि वरणभात चालूच, आणि थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. वजन ६.८ वर उतरून थांबलं.

अकराव्या महिन्यात ७.२, वर्षाला ७.७. हिमोग्लोबिन महिन्याने ९.७, दोन महिन्यांनी १०.८, म्हणजे अजून अकराच्या खाली, म्हणून औषध पुढे चालू ठेवलं. वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ असतं. ही अजून खालीच आहे, पण रेघ आता वर जाते आहे. आईचे पीएचक्यू-९ चे गुण ११ वरून ४. तिचं स्वतःचं हिमोग्लोबिन ९.६ आहे, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवायची तिची सवय कोणत्याही बैठकीत सुटलेली नाही.

पंधराव्या महिन्याच्या भेटीसाठी

अंगणवाडीतून मिळणारं पाकीट शेळीला जातं की लेकराला, ते पाहायचं. वर्ष उलटल्यामुळे जंताच्या औषधाची अर्धी गोळी पुढच्या मोहिमेत द्यायची. वाफवून वाटणारं यंत्र विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक मिळालं का ते विचारायचं. पावडरच्या रिकाम्या डब्यांत आता जिरं, मोहरी, हळद आणि धणे आहेत.

आणि एक नवीन नोंद : दिवाळीत मुलाने आजीला जुना स्मार्टफोन दिला. तिने सुनेला पाठवलेला पहिला व्हिडिओ घुटीचा आहे.